पायथनमध्ये लिस्ट आयती असताना लिंक्ड लिस्टचा स्टॅक कशाला लिहायचा?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. सेकंड इयरला आहेस, प्रॅक्टिकलला लिंक्ड लिस्ट (एकमेकांचे पत्ते धरून जोडलेल्या तुकड्यांची साखळी) वापरून स्टॅक (शेवटी ठेवलेलं आधी बाहेर येतं अशी रचना) लिहायला सांगितलाय, तू लिहिलास, १०, २०, ३० असे तीन आकडे पुश केलेस (वर ठेवलेस) पण डिस्प्ले केल्यावर ३० आणि २० दिसतात, १० गायब. तिन्ही पॉप करून (वरून काढून) चौथ्यांदा पॉप केलं की ‘नन-टाईप ऑब्जेक्ट हॅज नो ॲट्रिब्यूट नेक्स्ट’ असा एरर येतो, आणि शेवटी वैतागून विचारलंयस की पायथनच्या लिस्टला अपेंड (शेवटी जोडणं) आणि पॉप आधीच आहेत तर हा उपद्व्याप करायचाच कशाला. वयाने बराच लहान असशील म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

मी चौदा-पंधरा वर्षं बॅकएंडचं काम करतोय, त्यातली दहा तरी पायथनमध्ये गेली, आणि मधली काही वर्षं शनिवार-रविवार मुलांना शिकवायचो. डिस्प्लेची चूक एका ओळीत दुरुस्त होईल, पण तेवढंच सांगून थांबलो तर पुढच्या आठवड्यात क्यूचं (म्हणजे रांगेचं, आधी आलेला आधी बाहेर) प्रॅक्टिकल आलं की परत हेच. कारण तुझा घोटाळा लिंक्ड लिस्टमध्ये नाहीचे, तो बरोबरच्या चिन्हात आहे.

आपल्याला पहिल्या दिवशी शिकवतात की व्हेरिएबल म्हणजे डबा आणि त्यात किंमत ठेवायची. सी शिकताना ते चालून जातं, पायथनमध्ये नाही. पायथनमध्ये व्हेरिएबल हे लेबल आहे, डबा वेगळीकडेच पडलेला असतो, आणि बरोबरचं चिन्ह एवढंच करतं की डावीकडचं लेबल उचलून उजवीकडच्या वस्तूला चिकटवतं. कॉपी वगैरे काही होत नाही. खात्री करायची असेल तर एक लिस्ट कर, तिला ए नाव दे, मग बी = ए लिही, बीमध्ये काहीतरी अपेंड कर आणि ए प्रिंट कर. एमध्येही ते आलेलं दिसेल, कारण लिस्ट एकच होती, लेबलं दोन. हे ज्याच्या अंगवळणी पडलं त्याला लिंक्ड लिस्ट अवघड जात नाही, आणि ज्याच्या पडलं नाही तो पाठ करून लिहितो आणि एक ओळ इकडची तिकडे झाली की अडकतो.

नोडसाठी, म्हणजे साखळीतल्या एकेका तुकड्यासाठी, सगळे रेल्वेच्या डब्यांचं उदाहरण देतात, मला ते कधीच पटलं नाही. डबे एकाला एक लागून रुळावर उभे असतात, नोड मेमरीत कुठेही विखुरलेले असतात. त्यापेक्षा गणपतीत सोसायटीच्या पोरांसाठी खजिना शोधायचा खेळ ठेवतात तो आठव. पहिली चिठ्ठी हातात देतात, तिच्यावर लिहिलेलं असतं की पुढची चिठ्ठी जिन्याखाली मीटरच्या बॉक्समागे आहे, तिथल्या चिठ्ठीवर पुढचा पत्ता, असं करत करत शेवटच्या चिठ्ठीवर ‘संपलं’. चिठ्ठी म्हणजे नोड, तिच्यावरचा मजकूर म्हणजे डेटा, पुढचा पत्ता म्हणजे नेक्स्ट, ‘संपलं’ म्हणजे नन (पायथनचं ‘काहीच नाही’), आणि पोरांच्या हातात दिलेली पहिली चिठ्ठी म्हणजे हेड. ती पहिली हरवली की बाकीच्या सगळ्या जागच्या जागी असूनही खेळ खलास.

आता पुश. त्यात दोनच ओळी महत्त्वाच्या. (नावं देवनागरीत लिहितोय, पायथन ३ ला व्हेरिएबलची अशी नावं खरंच चालतात, क्लास, व्हाईल वगैरे शब्द तेवढे त्याचेच ठेवावे लागतात.)

नवा.नेक्स्ट = सेल्फ.हेड
सेल्फ.हेड = नवा

या क्रमातच. पहिल्या ओळीत नव्या चिठ्ठीवर जुन्या पहिल्या चिठ्ठीचा पत्ता लिहिला, दुसऱ्या ओळीत नवी चिठ्ठी हातात घेतली. उलटं केलंस तर काय होतं ते कागदावर काढून बघ, नुसतं वाचू नकोस. आधी हेडचं लेबल नव्यावर गेलं, जुन्या पहिल्या नोडला आता कोणीच धरून नाही, पायथन लगेच त्याला आणि त्याच्यामागून बाकीच्यांना मोडीत काढतो, आणि मग नवा.नेक्स्ट = सेल्फ.हेड म्हणजे नव्या चिठ्ठीवर तिचाच पत्ता. डिस्प्ले केलंस की तोच एक आकडा पडद्यावर धो धो येत राहतो, कंट्रोल-सी मारेपर्यंत. शिकवताना मी ही चूक मुद्दाम करायला लावायचो, कारण एकदा तो धबधबा पाहिला की पोरं क्रम विसरत नाहीत.

तुझ्या डिस्प्लेकडे येतो. तू लूप लिहिलायस ‘जोपर्यंत आत्ता.नेक्स्ट आहे तोपर्यंत प्रिंट कर आणि पुढे जा’. शेवटच्या नोडवर पोचलास की त्याचा नेक्स्ट नन, लूप तिथेच सुटला, आणि तो नोड प्रिंट व्हायचा राहिला. तू पहिला पुश केलेला १० तळाला आहे म्हणून तोच गायब. विचारायचं ते चिठ्ठीबद्दल विचार, तिच्यावरच्या पत्त्याबद्दल नको, म्हणजे अट ‘जोपर्यंत आत्ता नन नाही’ अशी हवी. नेक्स्ट तपासणारी अट कुठेच वापरायची नाही असं नाही, शेवटच्या नोडवर थांबायचं असेल, उदाहरणार्थ शेपटाला काही जोडायला, तेव्हा तीच लागते. आणि अजून एक, काही जण ‘जोपर्यंत आत्ता.डेटा’ असं लिहितात, ते तर फारच घातक, कारण दहा वेळा बरोबर चालतं आणि ज्या दिवशी कुणी शून्य पुश करतं त्या दिवशी अर्ध्यात थांबतं. पायथनला शून्य, रिकामी स्ट्रिंग, रिकामी लिस्ट हे सगळं ‘नाही’सारखंच वाटतं. म्हणून ‘इज नॉट नन’ असं पूर्ण लिहायची सवय लाव.

पॉपचा एरर सरळ आहे. तीन पॉपनंतर हेड नन झाला आणि तू ननला त्याचा नेक्स्ट विचारलास. आधी तपासायला हवं हे तुलाही कळलं असेल, पण रिकामा असेल तर करायचं काय हा खरा प्रश्न, आणि तो परिस्थितीवर आहे. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ‘स्टॅक अंडरफ्लो’ प्रिंट करायची पद्धत आहे, परीक्षक तेच शोधतात, तर तिथे तेच लिही, उगाच वाद घालू नकोस. कामाच्या कोडमध्ये मात्र मी इंडेक्स एरर देतो, पायथनची स्वतःची लिस्टही रिकामी असताना पॉप केलं की तेच करते. नन परत करणारे खूप भेटतील, मला ते आवडत नाही, कारण उद्या कुणी स्टॅकमध्ये ननच पुश केला तर परत आलेला नन खरा की रिकाम्याचा हे कोण सांगणार.

एक गोष्ट तू बरोबर केलीयस ती सांगतो, कारण बरेच जण तिथेच फसतात. तू पुश आणि पॉप दोन्ही हेडच्या बाजूला केलंस. अपेंडच्या सवयीने पुष्कळ जण शेपटाला जोडतात. जोडायला एक वेळ टेलचं लेबल ठेवता येतं, पण काढताना शेवटच्याच्या आधीचा नोड लागतो, आणि एकेरी लिस्टमध्ये मागे बघायची सोयच नसते, म्हणजे प्रत्येक पॉपला पहिल्यापासून चालत जा. स्टॅक म्हणजे आजीच्या घरातली उतरंड, वरचं मडकं उतरवल्याशिवाय खालच्याला हात लागत नाही, मग वरचं मडकं हेडलाच असलेलं बरं.

आता तुझा मूळ राग, कशाला.

खरं सांगायचं तर पायथनमध्ये स्टॅक हवा असेल तर लिस्टच वापर. पायथनच्या अधिकृत ट्युटोरियलमध्येही लिस्टचा स्टॅक म्हणून वापर कसा करायचा याचा वेगळा भाग आहे. इतक्या वर्षांत नोकरीत मी लिंक्ड लिस्टवर स्टॅक एकदाही लिहिलेला नाही. कारण समजून घे. पायथनची लिस्ट नावाला लिस्ट आहे, आतून तो ॲरे आहे, वस्तूंच्या पत्त्यांचा सलग पट्टा, ६४-बिट मशीनवर एका पत्त्याला ८ बाइट. जागा संपली की तो लागेल तेवढीच वाढवत नाही, साधारण आठवा हिस्सा जास्तीची घेऊन ठेवतो, अलीकडच्या व्हर्जनमध्ये एकेक अपेंड करत गेलास तर क्षमता ४, ८, १६, २४, ३२, ४०, ५२, ६४ अशी वाढत जाते. म्हणजे बहुतेक अपेंड फुकटात, मधूनच एखादा महाग, आणि हिशेब केला तर सरासरी स्थिरच. याउलट तुझा प्रत्येक नोड ही स्वतंत्र वस्तू, तिला स्वतःचा बोजा. स्लॉट्स (फील्ड आधीच ठरवून जागा वाचवायची सोय) लावून अगदी काटकसर केलीस तरी दोन फील्डचा नोड ४८ बाइटच्या आसपास जातो, स्लॉट्स न लावता अजून जास्त. वरून ते विखुरलेले, त्यामुळे प्रोसेसरच्या कॅशलाही पुढचा नोड आधीच आणून ठेवता येत नाही. आणि लिस्टचं अपेंड सीमध्ये लिहिलेलं आहे, तुझं पुश पायथनमध्ये, ही शर्यत तू जिंकूच शकत नाहीस.

मग सिलॅबसमध्ये का? कारण डेटा स्ट्रक्चर्स शिकवायची आपल्याकडची पद्धत सीच्या काळातली आहे. तिथे ॲरे आधीच आकार सांगून घ्यावा लागायचा, १०० चा घेतला आणि १०१ वा आला की ‘ओव्हरफ्लो’, त्यावर उतारा म्हणून लिंक्ड लिस्ट. पायथनमध्ये तो रोगच नाही म्हणून औषध विचित्र वाटतं. मूळ कल्पना तर त्याहून जुनी, १९५५-५६ च्या सुमाराला नेवेल, शॉ आणि सायमन या तिघांनी आयपीएल (इन्फर्मेशन प्रोसेसिंग लँग्वेज) ही भाषा करताना लिंक्ड लिस्ट वापरल्या, तेव्हा मेमरी इतकी तोकडी होती की मोठा सलग पट्टा अडवून ठेवणं परवडणारं नव्हतं.

पण यावरून लिंक्ड लिस्ट निरुपयोगी असं समजू नकोस, तिची जागा वेगळी आहे आणि ती पुस्तकात नीट सांगत नाहीत. पुस्तकात लिहितात ‘मध्ये घालणं-काढणं स्थिर वेळात’, पण त्या जागेपर्यंत चालत जायलाच वेळ लागतो त्याचं काय? खरी गंमत तेव्हा असते जेव्हा नोड आधीच तुझ्या हातात असतो. पायथनमध्ये एलआरयू कॅश नावाचं डेकोरेटर (फंक्शनवर चढवायचं वेष्टण) आहे, ३.२ पासून, फंक्शनची आधी काढलेली उत्तरं लक्षात ठेवतं आणि जागा भरली की सगळ्यात जास्त काळ न वापरलेलं उत्तर फेकून देतं. त्याच्या आत एक डिक्शनरी आणि एक दुहेरी लिंक्ड लिस्ट आहे. डिक्शनरी किल्लीवरून थेट नोड हातात देते, मग त्या नोडला रांगेतून सोडवायचं आणि ताज्या टोकाला नेऊन जोडायचं, चार-सहा लेबलं इकडची तिकडे, रांगेत दहा असोत की दहा लाख, काम तेवढंच. हेच लिस्टमध्ये करायला गेलास तर मधला काढला की त्यापुढचे सगळे सरकवावे लागतात. इंटरव्ह्यूला एलआरयू कॅश विचारतात ते यासाठीच, आणि तिथे दुहेरी लिस्ट हाताने लिहावी लागते.

सरकवण्यावरून आठवलं. क्यूचं प्रॅक्टिकल येईल तेव्हा लिस्टला पॉप शून्य करून (पहिली वस्तू काढून) क्यू बनवायचा मोह होईल. मीही केला होता, नवीन असताना, एका नोकरीत. ईमेल पाठवायची कामं एका लिस्टमध्ये, मागून अपेंड, पुढून पॉप शून्य, टेस्टिंगला शे-दोनशे कामं असायची, सगळं झकास. एका रात्री पलीकडचा मेल सर्व्हर काही तास बंद होता, कामं साचून लाखांवर गेली, आणि तो परत सुरू झाल्यावर आमचीच बाजू धापा टाकायला लागली, सीपीयू शंभर टक्के आणि रांग हलेना. पुढून एक काढला की मागचे सगळे एकेक घर पुढे. नुसतं गणित बघ, एक लाख वस्तू अशा एकेक करून काढल्या तर सगळं मिळून साधारण ५०० कोटी वेळा पत्ते सरकवले जातात. इलाज एका ओळीचा होता, पायथनच्या कलेक्शन्स मॉड्यूलमधला डेक (दोन्ही टोकांनी घालता-काढता येणारी रांग) वापरायचा, पॉपलेफ्ट म्हणायचं, झालं. डेक पायथनमध्ये २.४ पासून आहे, म्हणजे मला माहीत नव्हतं एवढंच. आणि बघ, डेक आतून काय आहे, दुहेरी लिंक्ड लिस्टच, फक्त एका नोडमध्ये एक वस्तू न ठेवता ६४ वस्तूंचा ब्लॉक ठेवलाय, म्हणजे जोडणीचा बोजा ६४ जणांत वाटला जातो. दोन्ही टोकांना झटपट, मधलं इंडेक्सने मागितलं की हळू. तू आज जे शिकतोयस त्याचीच ही सुधारलेली आवृत्ती.

आणखी एक सापळा, कारण तुझ्या कोडमध्ये तो दबा धरून बसलाय. तू इनिटला (वस्तू तयार होताना चालणारं फंक्शन) ‘आयटम्स = रिकामी लिस्ट’ असा डिफॉल्ट दिलायस, सुरुवातीचे आकडे देता यावेत म्हणून. आत्ता तू ती लिस्ट फक्त वाचतोस म्हणून काही बिघडत नाही. पण तो डिफॉल्ट फंक्शन तयार होताना एकदाच बनतो, दर वेळी नवा नाही. उद्या लिस्टवर आधारलेला स्टॅक लिहिताना ‘सेल्फ.आयटम्स = आयटम्स’ केलंस की तुझे सगळे स्टॅक एकाच लिस्टवर चिकटलेली वेगवेगळी लेबलं होतील, एकात पुश केलेलं दुसऱ्यात दिसेल. परत तेच, बरोबरच्या चिन्हाने कॉपी होत नाही. डिफॉल्ट नन दे आणि आत नवी लिस्ट कर.

लिंक्ड लिस्ट उलटी करणं तुला व्हायव्हाला नक्की विचारतील, तर ते याच नजरेने बघ. मागचा आणि आत्ता अशी दोन लेबलं, मागचा सुरुवातीला नन, आत्ता म्हणजे हेड, आणि आत्ता नन होईपर्यंत ही एकच ओळ:

मागचा, आत्ता.नेक्स्ट, आत्ता = आत्ता, मागचा, आत्ता.नेक्स्ट

लूप संपला की हेडचं लेबल मागचावर. पायथन आधी उजवीकडचं सगळं बघून घेतो आणि मग डावीकडे डावीकडून उजवीकडे एकेक लेबल चिकटवतो. त्यामुळे डावीकडे ‘आत्ता’ शेवटी हवा. तो आधी लिहिलास तर लेबल पुढच्या नोडवर सरकतं आणि मग आत्ता.नेक्स्ट बदलताना तू भलत्याच नोडचा पत्ता खोडतोस, आणि थोड्याच वेळात तोच ओळखीचा नन-टाईपचा एरर. व्हायव्हाला घाबरत असशील तर ही करामत करू नकोस, ‘पुढचा’ असं तिसरं लेबल घे आणि चार ओळींत लिही, मी स्वतः चार ओळीच लिहितो. रिकर्शननेही (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) उलटी करता येते, दिसायला सुंदर, पण पायथनची रिकर्शनची मर्यादा मुळात १००० आहे, हजाराच्या घरात नोड गेले की कोलमडतं. तुझी लांब लिस्ट डीपकॉपी (आतल्या सगळ्यासकट पूर्ण प्रत) केलीस तरी याच कारणाने कोलमडेल, कारण ती एकेका नोडमधून आत आत उतरत जाते.

लेन्थसाठी तू दर वेळी पूर्ण लिस्ट चालतोयस, त्यापेक्षा एक काउंट ठेव, पुशला एकने वाढव, पॉपला कमी कर. मात्र डंडर लेन (__len__, लांबी सांगणारं खास फंक्शन) लिहिलंस की रिकामा स्टॅक ‘इफ स्टॅक’मध्ये खोटा ठरतो, हे ध्यानात ठेव, कधी सोयीचं पडतं आणि कधी ‘स्टॅक दिलाय का’ हे तपासताना दगा देतं.

तर आत्ता डिस्प्लेची अट बदल, पॉपला सुरुवातीलाच रिकामं आहे का बघ, मग एकदा मुद्दाम फक्त एक नोड असताना आणि एकदा एकही नसताना सगळी फंक्शन्स चालवून बघ, लिंक्ड लिस्टच्या बहुतेक चुका त्या दोनच ठिकाणी दडलेल्या असतात. आणि पुढच्या वेळी एररची नुसती शेवटची ओळ टाकू नकोस, वरचा ट्रेसबॅकही टाक, त्यात लाइन नंबर असतो, मला तुझा पॉप कुठे पडतोय ते अंदाजाने शोधावं लागलं.